तुलनेचा जिना

सभेत शंका विचारू नये, आणि विचारायचीच झाली तर ती चहा कधी मिळणार एवढ्यापुरतीच असावी. हे शहाणपण नमुन्यांना त्या शनिवारपर्यंत आलेलं नव्हतं.

पालकसभेत मुख्याध्यापिका बाई कुठून तरी छापून आणलेला कागद वाचून दाखवत होत्या. ‘शाळेच्या निधीसाठी यशस्वी कल्पना’ असं त्याचं शीर्षक होतं. केक विकणे, गाड्या धुणे, सोडत काढणे. प्रत्येक कल्पनेपुढे ‘अत्यंत यशस्वी’ असा शेरा होता. दुसऱ्याच्या मुलाचं प्रगतिपुस्तक ऐकताना माणसं चेहरा जसा ठेवतात तसा ठेवून बाकीचे पालक माना डोलवत होते. नमुन्यांनी हात वर केला.

“यशस्वी म्हणजे नेमकं काय?” त्यांनी विचारलं. “कशाच्या तुलनेत यशस्वी? केक विकलाच नसता तर किती जमलं असतं, हे कुणी पाहिलंय का?”

मग सगळे पालक एकदम त्यांच्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत कृतज्ञता होती. बुडत्या नावेतून एकानं आपणहून पाण्यात उडी घेतली की उरलेल्यांच्या डोळ्यांत असते तशी.

“छान मुद्दा आहे,” बाई म्हणाल्या. “कल्पना-निवड समितीचे प्रमुख तुम्हीच.”

“समितीत आणखी कोण कोण?”

“सध्या तरी तुम्हीच.”

नमुने हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. पत्र्याच्या छोट्या पट्ट्यांवर रंग लावायचा, तो वाळू द्यायचा आणि अधूनमधून अंगठ्यानं दाबून बघायचा, हे त्यांचं काम. इमारतीतले लोक त्याचं वर्णन ‘रंग वाळताना बघत बसण्याचा पगार’ असं करत. कुठल्याही गोष्टीचा आधी नमुना तपासल्याशिवाय पुढं जायचं नाही, ही त्यांची रीत घरीही चाले. उशी घ्यायला गेले तर दुकानात पाच मिनिटं झोपून बघत. तेव्हा बायकोनं चिडून त्यांना एकदा ‘नमुना’ म्हटलं, ते शेजारी ऐकू गेलं, आणि आता टपालसुद्धा ‘श्री. नमुने’ या नावानं आलं तर पोस्टमन बरोबर त्यांच्याच पेटीत टाकतो.

तर प्रश्न होता एका ड्रमचा. शाळेच्या बँडमधला मोठा ड्रम, जो पोटावर बांधून दोन्ही हातांनी वाजवतात तो, नमुन्यांच्या मुलीला मिळाला होता. तेव्हापासून घरात तिचं नाव ढमी पडलं होतं. ड्रम तिच्याहून रुंद होता. समोरून पाहिलं तर ड्रमला दोन पाय फुटून तो चालला आहे असं वाटे. एवढं भाग्य लाभलं आणि पंधरवड्यात ड्रमचं कातडं कडेनं फाटलं.

आता बँडचे सर मोठे हिकमती. त्यांनी ढमीला शिकवलं, की काठी जोरात आणायची, पण कातड्याच्या बोटभर अलीकडे थांबवायची, म्हणजे फाटलेलं आणखी फाटणार नाही. आणि त्याच क्षणी सर स्वतः लाकडी मंचावर बूट आपटत. लांबून पाहणाऱ्याला वाटे, काय वाजतोय ड्रम! पण क्रीडादिन मैदानावर होता. मातीत बूट आपटून धुरळ्यापलीकडे काही निघत नाही. नवा ड्रम आला नाही तर बँड ड्रमशिवाय जाईल आणि ढमी प्रेक्षकांत बसेल, असं बाईंनी सांगून टाकलं होतं.

“बाबा, मी एकदम बरोबर वाजवते,” ढमी म्हणाली, “पण ते कुणालाच कळत नाही.”

हे वाक्य नमुन्यांना लागलं. कारखान्यात त्यांची स्वतःची परिस्थिती काही फार वेगळी नव्हती.

“तुझा ड्रम येणार,” ते म्हणाले. “कसा, ते मी शोधून काढतो.”

“अरे, शोधायचं काय त्यात?” त्यांची बायको म्हणाली. ती पोस्टात काउंटरवर होती आणि दिवसभरात इतक्या शंका ऐकून घरी येई, की घरच्या शंकांना तिच्याकडे जागा उरत नसे. “दारोदार जा, ड्रमसाठी द्या म्हण, संपलं.”

“ते मागणं झालं. ही चाचणी आहे.”

चाचणीची आखणी नमुन्यांनी जेवणाच्या टेबलावर केली. त्यांच्या इमारतीला तीन जिने होते. पहिल्या जिन्याला केक विकायचा. दुसऱ्या जिन्याच्या गाड्या धुवायच्या. तिसऱ्या जिन्याकडे काहीच मागायचं नाही, आणि आपण काही मागत नाही आहोत हेही सांगायचं नाही. म्हणजे काहीच केलं नाही तर काय होतं, ते कळेल. हा तुलनेचा जिना. जी कल्पना जिंकेल ती शाळेनं मोठ्या प्रमाणावर राबवायची.

“तिसऱ्या जिन्यात आपणच राहतो,” बायकोनं आठवण करून दिली.

“उत्तमच. लक्ष ठेवायला सोपं.”

परवानगीसाठी नमुने इमारतीच्या चेअरमनकडे गेले. हे पहिल्या जिन्यात तळमजल्यावर राहत आणि निवृत्त होण्यापूर्वी कुठल्याशा कचेरीत अधीक्षक होते. कचेरीनं त्यांना सोडलं, त्यांनी कचेरीला सोडलेलं नव्हतं. बैठकीच्या खोलीत ते टेबलामागे बसत आणि स्वतःच्या नातवालाही ‘बसा’ म्हणत.

“अर्ज कुठल्या सदरात करताय?” चेअरमननी विचारलं. “व्यापार, धर्मादाय की उपद्रव?”

“प्रयोग.”

चेअरमननी नियमावली उघडली, बराच वेळ चाळली. “प्रयोग हा शब्द एकदाच आलाय. ‘गच्चीवर करू नयेत.’”

“मी जिन्यात करणार आहे.”

“मग हरकत नाही,” चेअरमन म्हणाले. नियमात न बसणाऱ्या माणसाला नियमानंच सोडावं लागलं याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. “पण तिसऱ्या जिन्याचं काय? त्यांच्याकडनं काही निघेल अशी आशा ठेवू नका. पाण्याच्या पंपाच्या वर्गणीच्या वेळी पाहिलंय मी. कोरडा नळ आहे तो.”

“त्यांच्याकडे मागणारच नाही,” नमुने म्हणाले. हे वाक्य त्यांनी शास्त्रीय अर्थानं उच्चारलं होतं. चेअरमननी ते दुसऱ्याच अर्थानं घेतलं, खूश झाले, आणि संध्याकाळच्या फेरफटक्यात दोन-चार जणांना सांगूनही आले.

केक नमुन्यांनी स्वतः भाजला. बायको भाजायला तयार होती, पण तिच्या हातचा केक चांगला होतो हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे निकाल दूषित झाला असता. सगळे तुकडे एकाच वजनाचे हवेत म्हणून ते तराजूवर तोलून, कडा तासून सारखे केले. भट्टीतून केव्हा काढायचा ते कळायला केकमध्ये सुरी खुपसून बघा, असं पुस्तकात दिलं होतं. नमुन्यांनी सवयीनं अंगठा दाबून पाहिला. अंगठ्याचा ठसा उमटतोय म्हणजे अजून ओला आहे, असं त्यांचं शिक्षण सांगत होतं. ठसा उमटायचा थांबेपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

पहिल्या जिन्यानं केक घेतला. एकाच इमारतीत राहायचं म्हटल्यावर घ्यावाच लागतो. पण प्रत्येक तुकड्याबरोबर नमुन्यांना एक सल्लाही मिळाला. एकानं साखर कमी करा म्हटलं, दुसऱ्यानं वाढवा. तिसऱ्यानं त्यांना बाजूला घेऊन, आवाज खाली आणून विचारलं, “घरी सगळं ठीक आहे ना? वहिनींची तब्येत वगैरे?” चेअरमनचं टेबल कित्येक वर्षं एका बाजूला डुगडुगत होतं. दुसऱ्या दिवशी ते डुगडुगेनासं झालं. नमुन्यांनी खाली वाकून पाहिलं, पायाखालचा आपला तुकडा ओळखला आणि निघून आले.

दुसऱ्या जिन्यात मात्र सुरुवात झोकात झाली. शिकवणी घेणारे एक सर तिथं राहत. त्यांनी नुकतीच आपल्या मेव्हण्याकडून जुनी लाल गाडी घेतली होती आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवत. नमुन्यांनी फेस केला, टप घासला, बॉनेट घासलं, आणि डाव्या दरवाज्यापाशी ते थांबले. मग फडकं खाली ठेवून खिशातलं भिंग काढलं.

“हा दरवाजा नंतर रंगवलाय,” ते म्हणाले.

“काय?” सर म्हणाले.

“खालचा थर वेगळा आहे. इथं चांगलाच मार बसलेला असणार, आधी खड्डा लांबी भरून बुजवलाय. काम वाईट नाही हं, पण कडेला घाई केलीय.” असा दरवाजा रोज बघायला मिळत नाही, त्यामुळे नमुन्यांच्या आवाजात आनंद होता.

सरांनी हळूहळू मान वर करून गॅलरीकडे पाहिलं. “ऐकलंस का गं? ‘एक ओरखडा नाही’ म्हणून शपथ घेतली होती ना तुझ्या भावानं?”

“माझ्या भावाचं नाव काढायचं काम नाही!” गॅलरीतून उत्तर आलं. “तुम्हीच लाळ गाळत होता गाडीसाठी!”

“मी लाळ गाळत होतो?”

“मग काय मी गाळत होते? मला तर येतसुद्धा नाही चालवायला! शिकवा म्हटलं तर शिकवलंत?”

पुढचं संभाषण गाडीवरून निघून लग्नाच्या वर्षापर्यंत मागं गेलं. नमुने फेसाची बादली धरून मध्ये उभे होते. निघून जावं तर गाडी अर्धी धुतलेली, धुवावी तर भांडणात पाणी ओतल्यासारखं. संध्याकाळी मेव्हणा स्वतः आला, बरोबर आपला रंगारी घेऊन आला. रंगाऱ्यानं दरवाजा पाहिला, डबा कुठल्या कारखान्याचा होता ते आठवून सांगितलं, आणि सगळ्यांच्या माना एकदम नमुन्यांकडे वळल्या.

“म्हणजे रंग तुमचाच!” मेव्हणा म्हणाला. “माल तुमचा हलका, आणि चोर मी?”

घरात पडलेली फूट अशी सांधली गेली. बहीण, भाऊ आणि सर तिघंही एका बाजूला झाले, दुसऱ्या बाजूला नमुने. गाडी धुतल्याचा मोबदला तर मिळाला नाहीच, उलट दरवाजा पुन्हा रंगवून द्या अशी मागणी आली. केक आणि गाड्या मिळून जे जमलं होतं, त्यात ड्रमची एक काठी आली असती. ती धरायला मूठ मात्र स्वतःचीच वापरावी लागली असती.

‘हरकत नाही,’ नमुन्यांनी स्वतःची समजूत घातली, ‘नकारात्मक निष्कर्ष हाही निष्कर्षच असतो.’ ढमीला मात्र हे वाक्य ऐकवण्याचं धाडस त्यांना झालं नाही.

आता राहिला तिसरा जिना. तिथं तर काही करायचंच नव्हतं, म्हणून नमुने निर्धास्त होते. आणि तिथंच ठिणगी पडली.

शेजारच्या शिवणकाकूंनी त्यांना दारातच गाठलं. काकू घरी मुलींचे फ्रॉक शिवत, आणि तोंडात टाचण्या धरूनही स्पष्ट बोलण्याची कला त्यांना साधली होती.

“काय रे, वास आमच्या जिन्यात आणि केक पहिल्या जिन्यात? हा कुठला न्याय?”

“काकू, ते मला सांगता येणार नाही.”

“सांगता येणार नाही?” काकूंनी टाचण्या काढून हातात घेतल्या. “म्हणजे चेअरमन म्हणत फिरतोय ते खरं? आमच्याकडे मागायचंच नाही असं ठरलंय? कोरडा नळ काय आम्ही? अरे, पंपाच्या वेळी हिशेब मागितला होता आम्ही, पैसे नाही म्हटलं नव्हतं! तुझी पोर माझ्या मांडीवर वाढली, आणि तिच्या ड्रमला माझा पैसा चालत नाही?”

“तसं नाही हो काकू…”

“मग कसं?”

कसं ते सांगितलं असतं तर तुलना बिघडली असती. नमुने गप्प राहिले. जिन्यातल्या भांडणात गप्प राहणं म्हणजे कबुली, हा नियम कुठल्याही नियमावलीत नसला तरी सगळ्या इमारतींना लागू आहे.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर राहून तिथंच दवाखाना चालवणारे दाताचे डॉक्टर पाकीट घेऊन आले. मृदू स्वभावाचा माणूस. सगळ्यांशी भूल देण्यापूर्वी बोलावं तसं बोलत. त्यांनी पाकीट पुढं केलं. नमुन्यांनी दोन्ही हात मागं घेतले.

“मला घेता येणार नाही, डॉक्टर. निष्कर्ष बिघडेल.”

“माझ्या पैशानं?”

“पैशानं नाही, देण्यानं. म्हणजे, कसं सांगू…” नमुने घामाघूम झाले. शेवटी गुपित फोडलं तरी चालेल, पण माणूस दुखावू नये असं त्यांनी ठरवलं. “तुमच्या जिन्याला फार महत्त्वाचं काम दिलेलं आहे. ते काम म्हणजे काहीही न करणं.”

डॉक्टरांनी यावर विचार केला. जितका विचार केला तितका त्यांचा चेहरा लाल होत गेला.

“काहीही न करण्यासाठी,” ते म्हणाले, “आख्ख्या इमारतीतून आमचीच निवड केलीत?”

संध्याकाळी त्याच पाकिटात आणखी भर घालून त्यांनी ते दाराखालून सरकवलं. नमुन्यांनी ते वर नेऊन परत सरकवलं. तोवर काकूंचं आलं होतं. मग गच्चीखालच्या पेन्शनर जोडप्याचं. जितकं परत करावं तितकं पाकीट जाड होऊन येऊ लागलं. नमुने चक्रावून गेले. मागितलं तिथं दगडासारख्या केकच्या बदल्यात चिल्लर, आणि मागितलं नाही तिथं ही झुंबड. हे कुठल्या तक्त्यात बसवायचं?

“अरे माणसा,” बायको म्हणाली, “लोक पैसे घेऊन दारात उभे आहेत आणि तू जिने चढून परत देतोयस. पोरीचा ड्रम मोठा की तुझा तुलनेचा जिना?”

नमुने उत्तर जुळवत होते, इतक्यात आतल्या दारातून ढमीचा आवाज आला.

“बाबा, तू माझा ड्रम परत दिलास?”

आतापर्यंतच्या सगळ्या चर्चेत एवढा नेमका प्रश्न कुणीच विचारला नव्हता. नमुने तसेच उठले, पायात चपला एक आपली आणि एक बायकोची अशा सरकवून डॉक्टरांकडे गेले. म्हणाले, चूक झाली, द्या ते पाकीट. पण दवाखान्याच्या बाकांवर आख्खा तिसरा जिना बसला होता आणि काकू अध्यक्षस्थानी, म्हणजे दात काढायच्या खुर्चीत, होत्या.

“आता नको,” काकू म्हणाल्या. “आता आमचा निर्णय झालाय.”

निर्णय आठवडाअखेर टेम्पोतून आला. पैसे घेत नाही ना? मग वस्तू घे! ड्रम होता नवाकोरा, पांढराशुभ्र, आणि जिन्याच्या वळणावर अडकण्याइतका मोठा. तो तिथं अडकला तेव्हा वरचे खाली येईनात आणि खालचे वर जाईनात, आणि प्रत्येकानं तिरका करा, उभा करा, थोडा दाबा असे सल्ले दिले. शेवटी नमुन्यांच्या दारात तो टेकला. त्याला एक चिठ्ठी बांधलेली होती: ‘तिसऱ्या जिन्याकडून. न मागता.’

ढमीनं काठी उचलली, जोरात आणली, आणि सवयीप्रमाणे बोटभर अलीकडे थांबवली.

“मार की,” आई म्हणाली.

तिनं मारली. कपाटातले पेले किणकिणले, खाली कुठंतरी एक कुत्रं भुंकलं. ढमी काठीकडे बघत राहिली, जशी काही काठीच पहिल्यांदा तिच्याशी बोलली होती.

सोमवारी नमुने अहवाल घेऊन शाळेत गेले.

“तर सर्वांत यशस्वी कल्पना कोणती?” बाईंनी विचारलं.

“न मागणं.”

“म्हणजे आपण काय करायचं?”

“काहीच नाही.”

“पण आधीही आपण काहीच करत नव्हतो.”

“हो, पण आपण मागत नाही आहोत हे लोकांना कळायला हवं. आणि शेजाऱ्याकडे मागतोय हेही कळायला हवं. आणि शेजाऱ्यावर त्यांचा आधीपासून थोडा राग हवा.” बोलता बोलता नमुन्यांचा स्वतःवरचा विश्वास उडत चालला होता. बाईंनी चष्मा काढून डोळे मिटले आणि नव्या ड्रमची नोंद करायला त्यांना हेडक्लार्ककडे पाठवलं.

हेडक्लार्कनी ड्रम घ्यायला नकार दिला.

“दप्तरी एक मोठा ड्रम आहे,” ते म्हणाले. “तो निर्लेखित होऊन, म्हणजे निकामी ठरून, दप्तरातून निघाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही.”

“पण तो फाटलाय. वाजत नाही.”

“कोण म्हणतं? हे बघा, मागच्या तिन्ही कार्यक्रमांचा अहवाल. ‘ड्रमवादन उत्कृष्ट.’”

नमुन्यांच्या डोळ्यांसमोर बँडच्या सरांचा बूट आला. खरं सांगावं तर सरांची नोकरी, न सांगावं तर ढमीचा ड्रम.

“दुसरा मार्ग आहे,” हेडक्लार्क दयेनं म्हणाले. “दोन ड्रम मावतील असं कपाट दाखवा. जागा असली तर दोन ठेवायला नियमाची ना नाही. आमच्याकडे तसं कपाट नाही, आणि त्यासाठी निधीही नाही. निधीसाठी एक समिती नेमल्याचं ऐकलंय.”

तेव्हा ड्रम घरीच राहिला. क्रीडादिन जवळ आलेला, त्यामुळे सराव घरीच. पहिल्या संध्याकाळी तिसरा जिना कौतुकानं दारात जमला, काकूंनी तर ढमीला दृष्ट लागेल म्हणून बोटंही मोडली. दुसऱ्या संध्याकाळी कौतुक आपापल्या घरातून झालं. त्यानंतर कौतुकाला खिडक्या लावून घ्याव्या लागल्या. ढम, ढम, ढमढम, ढम. डॉक्टर दाताला यंत्र लावत आणि चौथ्या ठोक्याला थांबत. खुर्चीतल्या रोग्यांनाही तो ठोका पाठ झाला होता, तेही थांबत. काकूंचं मशीन आपोआप त्या तालावर चालू लागलं आणि फ्रॉकांच्या झालरी दोन लांब, दोन आखूड अशा निघू लागल्या. पण तक्रार कुणी करायची? ड्रम त्यांनीच दिला होता, न मागता. “गोड वाजवते हो पोर,” काकू कानांत कापसाचे बोळे घालत म्हणत.

पहिला जिना सुरुवातीला गालातल्या गालात हसला. पण आवाजाला जिना कळत नाही. तो पाण्याच्या नळांतून गेला, टाकीतून घुमून खाली आला, आणि चेअरमनच्या दुपारच्या झोपेत नेमका शिरला. डुगडुगायचं थांबलेलं टेबल आता उड्या मारू लागलं. दुसऱ्या जिन्यात शिकवणीच्या मुलांचे पाढे त्या तालावर होऊ लागले. सर चिडले, पण मुलांचे पाढे पहिल्यांदाच पाठ होत होते, त्यामुळे चिडावं किती ते त्यांना कळेना.

एका दुपारी चेअरमन स्वतः नमुन्यांच्या दारात आले. मागं सर, सरांच्या मागं त्यांची बायको, आणि जिन्याच्या कठड्याला धरून आणखी बरेच.

“हा ड्रम शाळेत जायला काय लागतं?” चेअरमननी विचारलं.

“कपाट,” नमुने म्हणाले. “पण मी अजून कल्पना ठरवलेली नाही. मला वाटतं सोडतीची चाचणी…”

“चाचणी नको!” सगळे एकदम ओरडले.

“कपाट उद्या पोचेल,” चेअरमन म्हणाले.

“अर्ज कुठल्या सदरात करू?”

“अर्ज नको,” चेअरमन म्हणाले. आयुष्यात हे शब्द त्यांनी प्रथमच उच्चारले असावेत. उच्चारून झाल्यावर त्यांना कठड्याचा आधार घ्यावा लागला.

कपाटासाठी कुणी कुणाकडे मागितलं, कुणी किती दिलं, हे नमुन्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पहिल्या जिन्यानं दिलं, दुसऱ्यानं दिलं, आणि तिसऱ्या जिन्यानं ‘आमचं आधीच झालंय’ असं ऐकवून पुन्हा दिलं. कपाट शाळेत पोचलं, दोन्ही ड्रम दप्तरी लागले. नमुन्यांचा तक्ता मात्र पार विस्कटला. तुलना करायला काही न केलेला असा एकही जिना उरला नव्हता.

क्रीडादिनाला आख्खी इमारत आली. ‘आवाज खरंच शाळेत गेला ना, ते बघायला,’ असं चेअरमन म्हणाले, पण त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. शिकवणीचे सर लाल गाडी घेऊन आले, मेव्हण्यालाही घेऊन आले. गर्दीमुळे तिन्ही जिने प्रेक्षकांसाठी बांधलेल्या लाकडी मंचावर एकाच रांगेत मिसळून बसले.

बँड मैदानात आला. सगळ्यात पुढं दोन पायांचा पांढरा ड्रम. बँडच्या सरांनी हात उंचावला, बिगुल वाजला, आणि ढमीनं काठी जोरात आणली.

काठी कातड्याच्या बोटभर अलीकडे थांबली.

घाबरलं की माणसाचा हात जुन्या सवयीकडे जातो. तिचा हात पुन्हा उठला, पुन्हा खाली आला, पुन्हा थांबला. मैदानभर बिगुल आणि बासऱ्या वाजत होत्या, आणि ठोक्याच्या जागी काहीच नव्हतं. ढमीची मान हळूहळू ड्रमच्या मागं बुडत चालली होती. बँडच्या सरांनी बूट आपटला. थोडा धुरळा उडाला.

आणि मग रांगेतून आवाज आला: ढम.

लाकडी फळीवर कुणीतरी पाय आपटला होता. नमुन्यांनी वळून पाहिलं. काकू होत्या. पुढच्या ठोक्याला डॉक्टरांचा पाय पडला, त्याच्या पुढच्या ढमढमला शिकवणीचे सर, त्यांची बायको आणि मेव्हणा. कुणी कुणाला खूण केली नव्हती. इतके दिवस ऐकून ठोका त्यांच्या पायांत मुरला होता, आणि तिथं रिकामी जागा त्यांना सहनच होईना. पुढच्या फेरीला तिन्ही जिने एकदम उतरले, आणि सगळ्यांत मोठा आवाज चेअरमनच्या बुटाचा होता. ढम, ढम, ढमढम…

ढमीनं मान वर केली. हा ताल तिच्या ओळखीचा होता. तिनं काठी उचलली आणि या वेळी ती बोटभर अलीकडे थांबली नाही.

नमुन्यांना नाक शिंकरायचं होतं, पण रुमालात भिंग गुंडाळलेलं होतं.

कार्यक्रमानंतर मुख्याध्यापिका बाई त्यांना शोधत आल्या. “नमुने, कमाल केलीत! पण खरं सांगा, शेवटी यशस्वी झालं ते नेमकं कशामुळे?”

नमुन्यांनी तोंड उघडलं. केक, दरवाजा, पंप, पाकिटं, कपाट, सगळं एकदम जिभेवर आलं, आणि काय आधी आणि काय नंतर ते लागेना.

“माहीत नाही,” ते म्हणाले.

“काही हरकत नाही,” बाई म्हणाल्या. “पुढच्या वर्षी बँडला मोठी झांज घ्यायची आहे. तीही तुमच्याच पद्धतीनं…”

त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत चेअरमनचा हात खिशात गेला होता. “किती लागतील ते आत्ताच सांगा,” ते म्हणाले. “फक्त वस्तू थेट शाळेत पोचू दे.”

“बाबा,” ढमी नमुन्यांचा हात ओढत म्हणाली, “झांज घरी आणून वाजवतात का रे?”

मागं काकू टाचण्या नसतानाही ओठ घट्ट मिटून पर्स उघडत होत्या.